दांडीच्या सुरूखालची फार्गो

बोईसर स्टेशनातून पश्चिमेला निघालं की तारापूर औद्योगिक वसाहतीचा उग्र वास बराच वेळ पाठ सोडत नाही. टँकर, कंटेनर आणि निळ्या ड्रमांनी भरलेले टेम्पो यांच्यातून वाट काढत पुढं सरकावं लागतं. मग कारखान्यांच्या भिंती विरळ होतात, भातखाचरं आणि ताडाची झाडं सुरू होतात, खाजणाचा चिखल दिसू लागतो. दांडी हे त्यापुढचं, समुद्राला टेकलेलं मांगेल्यांचं गाव. शेजारी उच्छेळी, खाडीपलीकडे नवापूर, आणि किनाऱ्यानं वर गेलं तर घिवली आणि तारापूरचं अणुशक्ती केंद्र. गावात शिरताच बोंबील सुकवायच्या वलांडी दिसतात. त्यांच्या मागं, सुरूच्या झाडांत, एक ट्रक उभा आहे. पुढं आलेलं बॉनेट, फुगीर मडगार्ड, दोन तुकड्यांची पुढची काच. बॉनेटच्या कडेला कधीकाळी धातूची पाच इंग्रजी अक्षरं होती. त्यांतली तीन शिल्लक आहेत, दोहोंच्या जागी स्क्रूची भोकं. पाचही मिळून नाव होतं फार्गो.

जवळ गेल्यावर पहिली नजर जाते ती हौद्यावर. केबिनचा पत्रा खाऱ्या हवेनं चाळणीसारखा झालाय. मडगार्डला बोट लावलं तर पापुद्रा हातात येतो. हौद्याच्या सागवानी फळ्या मात्र अजून ताठ आहेत. कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारल्यात, फळीला फळी खाचेत बसवलेली, आणि मागच्या फाळक्याचा आकडा इतक्या वर्षांनीही नीट अडकतो. हे काम कुठल्या कारखान्याचं नाही. कंपनी फक्त चासी आणि इंजिन द्यायची, हौदा बांधायचे ते सुतार. इथल्या किनाऱ्यावर होड्या बांधणारे हात होतेच, त्यामुळं लाकूड कसं वाळवायचं, खिळा कुठं मारायचा आणि पाणी कुठून आत शिरतं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. फळ्यांवर निळ्या तेलरंगाचे तीन थर मोजता येतात. सगळ्यांत आतल्या थरावर पांढऱ्या रंगानं काढलेलं कमळ आहे, निम्मं झिजलेलं.

हौद्यात आता जुनी नायलॉनची जाळी, प्लास्टिकचे बोये, दोरखंडाची वेटोळी आणि बर्फाची एक फुटकी पेटी आहे. मागची चाकं काढून नेलीत, आस दगडांवर टेकलाय. केबिनमध्ये सीट नाही, पण सायकलच्या चाकाएवढं स्टिअरिंग जागच्या जागी आहे आणि गिअरचा लांब दांडा खालच्या भोकातून वर आलेला आहे. बॉनेट उघडलं तर आत पोकळी. इंजिन नाही, रेडिएटर नाही, बॅटरी ठेवायचा लोखंडी चौकोन तेवढा उरलाय.

ट्रक ज्या घराचा, त्या घरातला नातू तिशीतला. त्याच्याकडे आता टाटाचा छोटा हत्ती आहे, त्यात तो मासळी आणि बर्फ नेतो. फार्गो त्याच्या आजोबांची. घरची भातशेती होती, गवताची माळरानं होती आणि मासळीचाही धंदा होता; ट्रक या तिन्ही कामांना पुरायचा. आजोबांनी तो जुनाच विकत घेतला होता, म्हणजे तो या घरात आला तेव्हाही नवा नव्हता. आजी ओट्यावर बसून सोडे सोलत होत्या. ट्रकबद्दल विचारल्यावर त्या हात न थांबवता म्हणाल्या, “तो होता म्हणून घर उभं राहिलं. बाकी काय सांगू?” मग थोड्या वेळानं आपणहून बोलायला लागल्या आणि त्यांना थांबवावंसं वाटलं नाही.

फार्गो हे नाव आज फक्त गाड्यांच्या शौकिनांना ठाऊक आहे. एकेकाळी ते मुंबई इलाख्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात रस्त्यावर दिसायचं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला आणि अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. क्रायस्लर एकाच ट्रकला वेगवेगळ्या नावांनी बाजारात आणायची: डॉज, डी सोटो, फार्गो. वेगवेगळ्या विक्रेत्यांना आपापलं नाव मिळावं म्हणून ही सोय. यंत्र तेच, पाटी निराळी. प्रीमियरनंही ती पद्धत चालू ठेवली. त्यामुळं एखादा जुना ड्रायव्हर “आमची डॉज होती” म्हणाला आणि दुसरा “छे, फार्गोच खरी” म्हणून वाद घालू लागला, तरी दोघांनी आयुष्यभर जवळजवळ एकच गाडी चालवलेली असते.

त्या काळात मुंबईत ट्रक घडवणारं ते एकच ठिकाण नव्हतं. शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना होता. तिथून शेवरोले बाहेर पडायच्या. इंग्लंडची बेडफर्डही याच घराण्यातली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला निघालेली एसटीची पहिली गाडी बेडफर्डच्याच चासीवर बांधलेली होती, लाकडी सांगाड्याची. पण नव्या सरकारचं धोरण स्पष्ट होतं: नुसते सुटे भाग आणून जोडायचे तर परवाना नाही, देशात बनवायचं असेल तरच थांबा. जनरल मोटर्स आणि फोर्डनी पन्नाशीच्या दशकात गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोनं जर्मनीच्या डेम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपुरातून टाटा-मर्सिडीज यायला लागली. मद्रासजवळ एन्नोरला अशोक लेलँड उभी राहिली. पुढच्या वीस वर्षांत डिझेलच्या टाटानं आणि लेलँडनं लांबचा रस्ता जिंकला. फार्गो-डॉज छोट्या मालकांकडे, जवळच्या फेऱ्यांना, शेतावर आणि बंदरावर उरल्या.

त्यांचं मूळचं पेट्रोल इंजिन फार पितं म्हणून अनेक मालकांनी ते काढून मद्रासच्या सिम्पसन कंपनीचं पर्किन्स पी-६ डिझेल इंजिन बसवून घेतलं. दांडीतल्या या गाडीतही तेच होतं, असं बोईसरचे एक वयस्क मिस्त्री सांगतात. या गाड्यांवर त्यांनी पोरवयात हात काळे केले. “पर्किन्स बसवलं की गाडी बदलायची,” ते म्हणाले. “आवाज वाढायचा, वास वाढायचा, पण मालकाच्या चेहऱ्यावर हसू यायचं. डिझेल स्वस्त होतं ना.” त्यांच्या गॅरेजच्या भिंतीला अजून एक लोखंडी हँडल टांगलेलं आहे. बॅटरी दगा देई तेव्हा पुढून हे घालून इंजिन फिरवायचं. अंगठा हँडलच्या वरच्या बाजूला ठेवायचा, खाली अडकवायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर मनगट जायचं. क्लीनरला शिकवायचा पहिला धडा हा होता. दुसरा धडा गिअरचा. दात आपोआप जुळवून घेणारे गिअर त्यात नव्हते. क्लच दाबून गिअर मोकळा करायचा, क्लच सोडून इंजिनाचा वेग अंदाजानं जुळवायचा, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. कान तयार नसेल तर खड्खड् आवाज साऱ्या गावाला ऐकू जायचा.

आता या गाडीनं काय काय वाहिलं ते.

पहिलं म्हणजे गवत. पालघर, डहाणू, वाडा, तलासरी या पट्ट्यातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. पाऊस संपला की माळावर कापणी सुरू व्हायची, वखारीत गवताच्या गासड्या दाबल्या जायच्या आणि वॅगनींतून किंवा ट्रकमधून रवाना व्हायच्या. मुंबईचं दूध या गवतावर निघायचं. हा धंदा ज्यांच्या अंगावर उभा होता ते वारली होते, आणि त्यांच्या घामाचा इतिहास या जिल्ह्यात रक्तानं लिहिलेला आहे. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी संप केला, तेव्हा मागणी होती पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथीदार त्यात मारले गेले. या भागातल्या कुठल्याही जुन्या गवताच्या ट्रकविषयी लिहिताना हे सांगायलाच हवं. गाडी मालकाची असते, पण तिच्यावर चढलेला भारा कुणीतरी डोक्यावरून आणलेला असतो.

गवत वजनाला हलकं, आकाराला प्रचंड. त्यामुळं हौद्याच्या चारी कोपऱ्यांना बांबू उभे करून बाजू वाढवायच्या, गवत टपाच्या वर डोंगरासारखं रचायचं, त्यावर दोर आवळायचे आणि हमालांनी त्याच माथ्यावर बसून प्रवास करायचा. फांद्या आल्या की सगळ्यांनी एकदम आडवं व्हायचं. दांडीच्या गाडीवर पूर्वी काम केलेले एक ड्रायव्हर-काका आता ऐंशीच्या घरात आहेत, शेजारच्या गावात राहतात. गवताच्या फेरीला त्यांना सगळ्यांत मोठा धाक विडीचा असायचा. “भाऊ, वरती बसलेल्यांपैकी एकानं विडी ओढली तरी गाडी गेली,” ते म्हणाले. “मी निघण्याआधी सगळ्यांच्या काड्यापेट्या गोळा करून केबिनमध्ये ठेवायचो. उतरताना परत द्यायचो.”

दुसरं, मासळी. हे काम रात्रीचं. डोळ जाळ्यात सापडलेला बोंबील, मांदेली, करंदी, हंगामात पापलेट आणि दाढा. सगळं टोपल्यांत भरायचं, टोपलीत बर्फ फोडून टाकायचा, वर ओला गोणपाट. तेव्हा थर्माकोलच्या पेट्या नव्हत्या, थंडगार डब्यांच्या गाड्या नव्हत्या. बर्फ विरघळायच्या आत मुंबई गाठायची एवढाच नियम. मनोरला हमरस्त्याला लागून घोडबंदरकडून शहरात शिरायचं आणि उजाडायच्या आत क्रॉफर्ड मार्केट किंवा ससून डॉक गाठायचा. ससून डॉक १८७५ चा. त्याच्या फरशीवर या किनाऱ्यातल्या किती गाड्यांचं खारं पाणी ठिबकलं असेल याची गणती कुणी ठेवली नाही. परतीच्या वाटेला गाडी रिकामी येत नसे. मीठ, सिमेंट, कौलं, जाळ्याचं सूत, लग्नाचं सामान, जे मिळेल ते. या मीठमिश्रित पाण्यानंच गाडीचा पत्रा आतून खाल्ला. काका रोज सकाळी विहिरीच्या पाण्यानं हौदा धुवायचे. त्यांच्या मते मासळीची गाडी गोड्या पाण्यानं धुणं हे बैलाला चारा घालण्याइतकं रोजचं काम होतं, आणि ज्या मालकांनी ते टाळलं त्यांच्या चासी दहा वर्षांत तुटल्या.

सातपाटी या किनाऱ्यावरचं सगळ्यांत नावाजलेलं मासेमारी गाव. तिथल्या सहकारी संस्थांनी मासळी गोळा करणं, बर्फ पुरवणं, विक्री हे सगळं अंगावर घेतलं आणि पापलेटचं नाव परदेशापर्यंत नेलं. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं पापलेटला राज्यमासा घोषित केलं, त्यामागं सातपाटीकरांचा रेटा होता. या सगळ्या कथेत बोटींचा उल्लेख येतो, तांडेलांचा येतो, जाळ्यांचा येतो. धक्क्यापासून बाजारापर्यंतचा रस्ता ज्या गाड्यांनी कापला त्यांचा येत नाही. मला ही मोठी उणीव वाटते. मासा पकडल्यानंतर काही तासांत त्याचे पैसे होतात किंवा खत होतं, आणि ते ठरवणारी गोष्ट होती ट्रक.

तिसरं काम साठीच्या दशकातलं. १९६४ नंतर तारापूरला अणुऊर्जा केंद्राचं बांधकाम सुरू झालं. खडी, वाळू, विटा, मजूर यांची ने-आण करायला मोठ्या कंत्राटदारांच्या गाड्या होत्याच, पण आजूबाजूच्या गावांतल्या मिळतील त्या गाड्याही भाड्यानं लागल्या. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी दोन्ही अणुभट्ट्यांतून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली, देशातली पहिली अणुवीज. दांडीच्या आजोबांनी ही फार्गो घेतली ती त्याच कामावरून मोकळी झाल्यावर, असं घरात सांगतात. कागद हाताशी नाहीत, म्हणून मी ते घरातली आठवण म्हणूनच नोंदवतो. पण त्या वर्षांत या रस्त्यांवर गाड्यांची गर्दी झाली आणि नंतर त्या गाड्या स्वस्तात सुटल्या, हे परिसरातल्या अनेक म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येतं.

चौथं काम पैशाचं नव्हतं. चैत्रात डहाणूजवळच्या महालक्ष्मीची जत्रा भरायची तेव्हा गावच्या गाव ट्रकमध्ये बसून जायचं. हौद्यात पेंढा पसरायचा, त्यावर चादरी. बायका-पोरं आत, तरणी पोरं टपावर. लग्नाचं वऱ्हाड याच गाडीतून. बाळंतीण अडली तर दवाखान्यात याच गाडीतून. आजींची दोन बाळंतपणं बोईसरला झाली. दोन्ही वेळा मध्यरात्री फार्गो काढली होती, आणि एकदा खड्ड्यात चाक अडकलं तेव्हा शेतावरच्या लोकांनी ती ढकलून काढली. मालवाहू गाडीतून माणसं नेणं आज गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. असल्या प्रवासात खूप जीव गेले. तेव्हा मात्र रात्री दांडीतून बाहेर पडायला दुसरं काही नव्हतं.

मग इंजिन कुठं गेलं? ते समुद्रात गेलं. शब्दशः.

मासेमारी बोटींना डिझेल इंजिनं बसवायची लाट आली तेव्हा खास बोटीसाठी बनवलेलं नवं इंजिन सगळ्यांना परवडणारं नव्हतं. ट्रकचं जुनं इंजिन स्वस्तात मिळायचं आणि ते उघडून जोडायला गावात मिस्त्री होता. पण ट्रकचं इंजिन जसंच्या तसं बोटीत चालत नाही. रस्त्यावर ते वाऱ्यानं गार राहतं. बोटीच्या पोटात वारा नाही. रेडिएटर काढायचा आणि समुद्राचं पाणी फिरवून गारवा आणायचा. ते खारं पाणी थेट इंजिनाच्या ब्लॉकमधून सोडलं तर काही पावसाळ्यांत ब्लॉक सडतो, म्हणून शहाणा मिस्त्री आत गोडं पाणी ठेवतो आणि बाहेरून खाऱ्या पाण्यानं ते थंड करतो. धुराचा पाइप लाल होऊ नये म्हणून त्यालाही पाण्याचं वेष्टन. मग शाफ्ट, मग पंखा. ट्रकला मागं जायला एक छोटा गिअर पुरतो. बोटीला धक्क्याला लागताना पूर्ण ताकदीचा उलटा फेर लागतो, त्यासाठी वेगळी पेटी. जाळं ओढायच्या विंचलाही ट्रकचा मागचा डिफरन्शियल बसवलेला मी या किनाऱ्यावर पाहिलाय. ज्या दातेरी चाकांनी गवताचा डोंगर मनोरच्या चढावर ओढला, तीच चाकं पुढं समुद्रातून जाळं ओढत होती.

दांडीच्या फार्गोचं पर्किन्स अशाच एका बोटीत गेलं, तिथं बरीच वर्षं चाललं आणि शेवटी भंगारात निघालं. चाकं एका बैलगाडीला लागली. बॅटरी, दिवे, कमानपाटे एकेक करत गेले. उरला तो हौदा, कारण जाळी ठेवायला कोरडी जागा हवीच होती. आपल्याकडची जुनी गाडी बहुधा अशीच संपते. ती कुणी टाकून देत नाही, ती वाटली जाते. ही गोष्ट मला थोर वाटते, आणि याच कारणानं संग्रहात ठेवण्याजोगी अख्खी गाडी शोधूनही सापडत नाही.

कॅनडातल्या सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या गव्हाच्या प्रांतांत हे चित्र वेगळं दिसतं. तिथल्या छोट्या गावांत शेताच्या कडेला, वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या झाडांच्या रांगेत जुने शेतीचे ट्रक वर्षानुवर्षं उभे असतात. त्यांत फार्गोही असतात. अमेरिकेत हे नाव लवकर मागं पडलं, पण कॅनडात क्रायस्लरनं ते १९७२ पर्यंत विकलं. म्हणजे कुर्ल्याच्या फार्गोची सख्खी भावंडं गव्हाच्या कोठारांवर धान्य ओतत होती तेव्हा आपली दांडीत बोंबील भरत होती. तिकडची हवा कोरडी, वर्षातले कित्येक महिने बर्फ, त्यामुळं पत्रा गंजतो तो सावकाश. जागा मुबलक, म्हणून गाडी हलवायची घाई नाही. शिवाय तिथल्या समाजानं शेतीची यंत्रं जपायचं ठरवलं. सस्कॅचेवानमध्ये १९४९ पासून वेस्टर्न डेव्हलपमेंट म्युझियम आहे, चार शहरांत त्याच्या शाखा आहेत. अल्बर्टात वेटास्किविनला १९९२ मध्ये रेनॉल्ड्स-अल्बर्टा म्युझियम उघडलं. तिथं नांगर, मळणीयंत्र आणि ट्रक एकाच छपराखाली आहेत, कारण शेतकऱ्याच्या घरात ते एकत्रच होते.

आपल्याकडे हरियाणात तावडूला २०१३ पासून हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. मुंबईत बेस्टनं आणिक आगारात आपल्या ट्राम-बसचं संग्रहालय ठेवलंय. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, रणगाड्यांचं आहे. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आणि बड्या घरांच्या मोटारी जपणारे क्लब आहेत, दरवर्षी त्यांच्या मिरवणुका निघतात, आणि त्या गाड्या जपणाऱ्यांच्या कष्टाला माझा मान आहे. ट्रकला मात्र या रांगेत जागा नाही. कायद्यानंही ती ठेवलेली नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले: मूळ रूपात राखलेलं वाहन, वीस हजार रुपये शुल्क, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, वापर फक्त प्रदर्शन आणि रॅलीपुरता. पण हे नियम दुचाक्या आणि घरच्या वापराच्या मोटारींपुरते आहेत. मालवाहू गाडी त्यांत बसत नाही. म्हणजे ज्या मोटारीतून संस्थानिक शिकारीला गेले ती वारसा, आणि ज्या ट्रकनं तालुक्याचं पोट भरलं तो भंगार. हा भेद चुकीचा आहे आणि तो दुरुस्त झाला पाहिजे.

रस्त्यावर जुनी गाडी चालू द्या, असं माझं म्हणणं मुळीच नाही. आठ वर्षांनंतर व्यापारी वाहनाला दरवर्षी पासिंग लागतं, महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आहे, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नव्यानं होत नाही. हे योग्यच आहे. बोईसर-तारापूरची हवा आणि पाणी आधीच इतकं सोसतंय की मांगेला समाज परिषदेला प्रदूषणाविरुद्ध हरित लवादाचं दार ठोठावावं लागलं. धूर ओकणारी गाडी बंद व्हावी. पण बंद झालेली गाडी गॅस कटरखाली जाण्याआधी तिची नोंद व्हावी, आणि जिल्ह्यात निदान एक तरी गाडी छपराखाली उभी राहावी, एवढंच मागणं आहे.

वेळ थोडा आहे. जून २०२४ मध्ये याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराला केंद्राची मंजुरी मिळाली, ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचं काम. या बंदराला मच्छीमारांचा विरोध अजून संपलेला नाही आणि त्यांचे प्रश्न खरे आहेत. बंदराबरोबर रुंद रस्ते येणार, हजारो नवे कंटेनर ट्रक येणार. जमिनीचे भाव वाढले की सुरूखालची मोकळी जागाही मोकळी राहत नाही. दांडीच्या घरातही हौदा मोडून पक्की खोली बांधायचं बोलणं चाललंय. नातवाला गाडीची माया आहे, पण जाळी भिजली तर नुकसान त्याचं होतं. त्याला दोष कसा द्यावा?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. एवढ्या नव्या जिल्ह्याला आपली गोष्ट सांगायला जिल्हा संग्रहालय हवं, आणि त्यात वारली चित्रांच्या, डोळ जाळ्याच्या, डहाणूच्या चिकूच्या शेजारी एक ट्रक हवा. सातपाटी, मुरबे, दांडी, घिवलीच्या मच्छीमार संस्थांनी मनावर घेतलं तर हे सरकारी फायलीची वाट न पाहता होऊ शकतं. सुतार अजून आहेत, मिस्त्री अजून आहेत, गाडी कशी चालत होती हे सांगणारे ड्रायव्हर ऐंशीच्या पुढं गेलेत.

वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात, वाडीत, वखारीमागे अशी एखादी गाडी उभी असेल तर भंगारवाल्याला हो म्हणण्याआधी चार गोष्टी करा. चासीवरचा आणि इंजिनावरचा नंबर खरवडून उतरवून घ्या. आरसी बुक किंवा जुनं परमिट ट्रंकेत असेल तर त्याची प्रत काढा. १९८९ च्या आधीचे एमएच नसलेले नंबर त्यात सापडतील. हौद्याचे, फाळक्याचे, रंगाच्या थरांचे फोटो चारही बाजूंनी घ्या. आणि जो कुणी ती गाडी चालवायचा, किंवा हमाल म्हणून तिच्या माथ्यावर बसायचा, त्याला गाडीजवळ घेऊन जा आणि तो बोलेल तेवढं मोबाइलवर रेकॉर्ड करा. हे सगळं जवळच्या शाळेत किंवा ग्रंथालयात द्या. गाडी नंतर गेली तरी चालेल.